रेक्झिनचा माग: जुन्या मोटारींच्या बैठकीसाठी चालणारी शोधाशोध

जुन्या मोटारीला मूळ रूपात आणायचे ठरले की इंजिनाचे काम सहसा अडत नाही. पिस्टन, बेअरिंग, ब्रेकचे रबर या प्रत्येक वस्तूला नंबर असतो. तो सांगितला की वस्तू कुठल्या तरी दुकानाच्या माळ्यावर सापडते, नाहीतर लेथवर करून घेता येते. सीटच्या आवरणाचे तसे नाही. कंपनीच्या पार्ट बुकात त्याला नंबर असला, तरी तो शिवून तयार झालेल्या कव्हरचा असतो. ते ज्या मालातून बेतले त्याचा पोत, जाडी, पाठीमागचे कापड, रंगाची नेमकी छटा यांतले त्या पुस्तकात काहीच नसते. त्यामुळे इंजिन धडधडू लागलेली, रंग लागून चकाकणारी गाडी कित्येकदा नुसत्या सीटांपायी महिनोन्‌महिने गॅरेजमध्ये उभी राहते.

गाडी जितकी उंची तितके तिचे सामान दुर्मीळ, असा सर्वसाधारण समज आहे. बैठकीच्या बाबतीत तो खरा ठरत नाही. रोल्स-रॉइस किंवा जॅग्वारच्या सीटला लागणारे कातडे आजही कमावले जाते आणि पैसे मोजले की मिळते. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेल्या साध्या फियाटचे रेक्झिन मात्र पैसे मोजूनही मिळेल याची खात्री नसते. संस्थानिकांच्या गाड्या पहिल्यापासून जपल्या गेल्या. मध्यमवर्गीय घरातली फियाट किंवा अॅम्बॅसडर वापरून झिजवली गेली, विकली गेली, टॅक्सी झाली आणि शेवटी भंगारात गेली. तिच्या सीटचा तुकडा जपून ठेवावा असे कुणाला वाटण्याचे कारण नव्हते. आज ज्या घरांत आजोबांची गाडी पुन्हा उभी केली जाते, त्यांना ही उणीव पहिल्यांदा सीट खोलल्यावर कळते.

सीट खोलताना

फियाट ११०० किंवा प्रीमियर पद्मिनीची मागची सलग सीट गाडीतून बाहेर काढणे सोपे काम आहे. खरे काम ती उलटी केल्यावर सुरू होते. लोखंडी चौकटीभोवती कव्हरची कड दुमडून तारेच्या कड्यांनी किंवा पत्र्याच्या दातऱ्यांत अडकवलेली असते. या कड्या पक्कडीने एकेक उघडाव्या लागतात. घाईने ओढले तर कुजलेले कापड कडेलाच फाटते आणि सर्वांत कामाचा पुरावा हातचा जातो. चौकटीवर स्प्रिंगांचे जाळे, त्यावर गोणपाट, गोणपाटावर काथ्याचा थर, त्यावर कापूस किंवा पातळ फोम आणि सगळ्यात वर रेक्झिन, अशी जुन्या सीटची साधारण रचना असते. काथ्या बहुधा चेपून घट्ट झालेला असतो आणि हात लावताच त्याचा भुगा खाली सांडतो.

कव्हर एकच असेल असे धरून चालत नाही. सीट मेकर जुने कव्हर न काढता त्यावरच नवे चढवीत असत. मेहनत वाचे आणि सीट थोडी मऊही होई. टॅक्सी म्हणून चाललेल्या गाडीत असे दोन-तीन थर एकावर एक सापडतात आणि कंपनीचे मूळ रेक्झिन सगळ्यात खाली, फाटलेले पण बरेच शाबूत असते. म्हणून जाणता कारागीर वरचे कव्हर फाडत नाही, टाका टाका उसवत आत जातो.

मूळ रंग शोधायचा तर जिथे ऊन पोचले नाही अशा जागा पाहाव्या लागतात. सीटच्या बसायच्या भागावर उन्हाने आणि घामाने रंग विटून तपकिरी झालेला असतो, पण पायपिंगची शिवण उसवली की आत दुमडलेल्या अर्ध्या इंचाच्या पट्टीवर तोच रंग वाइनसारखा गडद लाल निघतो. दाराच्या पॅडवर क्रोमची पट्टी असेल तर तिच्या खालीही मूळ छटा टिकून राहते. सीटच्या पाठीचा डिकीकडचा भाग, सनव्हायझर दुमडला जातो ती कड, अॅशट्रेच्या चौकटीमागची जागा, हे सगळे तपासून मगच रंग ठरवायचा. एकाच जागेवर भरवसा ठेवणे धोक्याचे, कारण शिवणीच्या आतही काही वेळा दोऱ्याचा रंग किंवा खालच्या गोंदाचा पिवळेपणा उतरलेला असतो.

उसवलेला प्रत्येक तुकडा जपून ठेवतात. त्यावर पेनने नंबर, पुढची-मागची दिशा आणि डावे-उजवे लिहिले जाते, कारण पुढे हेच तुकडे फर्मा म्हणून वापरायचे असतात. वर्षानुवर्षे बसून ते ताणलेले असतात. तसेच्या तसे बेतले तर नवे कव्हर ढिले बसते, म्हणून कारागीर चौकटीवर पुन्हा माप घेऊन तेवढी वाढ वजा करतो. एका इंचात किती टाके आहेत, पट्ट्यांची रुंदी किती, पायपिंगच्या आत दोरी आहे की प्लॅस्टिकची नळी, हेही याच वेळी टिपून ठेवायला हवे. जुने कव्हर फेकून दिल्यावर या प्रश्नांची उत्तरे द्यायला कुणी उरत नाही.

रेक्झिन कसे बनते आणि तेच पुन्हा का बनत नाही

पहिले रेक्झिन इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या हाइड गावी होत असे. सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेट, कापराचे तेल, अल्कोहोल आणि रंग यांच्या मिश्रणाचा लेप देऊन त्यावर कातड्यासारखा दाणा उठवला जाई. हा लेप पटकन पेट घेतो आणि वयाबरोबर तडकतो. पहिल्या महायुद्धानंतरच्या काही दशकांतल्या ब्रिटिश गाड्यांत बसायच्या जागी खरे कातडे आणि सीटची पाठ, दाराचे पॅड, कडेचे भाग यांना असे लेप दिलेले कापड, अशी वाटणी सर्रास असे. गाडीचा मालक 'सगळे लेदर आहे' असे सांगत असतो, तेव्हा निम्मे क्षेत्र बहुधा या कापडाचे असते. दोन्हींसाठी माल वेगवेगळा शोधावा लागतो.

पुढे पीव्हीसी आले आणि सेल्युलोजचा लेप मागे पडला. भारतीय गाड्यांच्या बहराच्या काळात सीटवर जे रेक्झिन दिसते ते पीव्हीसीचे. महाराष्ट्रात हा माल बनवणाऱ्यांत भोर इंडस्ट्रीजचे नाव मोठे होते. याच कंपनीच्या अबकारी शुल्काच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निकाल दिला. पुढचा माल बनवताना मध्येच तयार होणारी पीव्हीसीची कच्ची फिल्म बाजारात विकली जाण्याजोगी वस्तू नाही, म्हणून तिच्यावर शुल्क लागत नाही, असा तो निकाल होता. करकायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात. गाडीच्या सीटशी त्याचा संबंध असा की या मालाची घडण टप्प्याटप्प्याने होते हे त्यातून सहज ध्यानात येते. आधी राळ, मऊपणा देणारे तेलकट रसायन आणि रंग एकत्र मळायचे, तापलेल्या रुळांतून त्याचा पातळ पापुद्रा काढायचा, मग तो कापडाच्या पाठीवर चिकटवायचा आणि शेवटी नक्षी कोरलेल्या पोलादी रुळाखालून काढून दाणा उठवायचा.

सगळा पेच या शेवटच्या रुळापाशी आहे. एका दाण्याचा एक रूळ. तो कोरून घेणे खर्चिक असते आणि ठरावीक गाडीच्या ऑर्डरसाठी कोरलेला रूळ ती ऑर्डर संपली की कारखान्याला नकोसा होतो. नवी नक्षी कोरण्यासाठी तो घासून टाकतात, नाहीतर लोखंडाच्या भावाने विकतात. रूळ गेला की तो दाणा गेला. रंग कुणीही मिळवून देईल, जाडी जुळवता येईल, पण त्या विशिष्ट रेघा आणि खळगे पुन्हा आणायचे तर नवा रूळ कोरावा लागतो. एखाददुसऱ्या गाडीसाठी तो खर्च कुणाला परवडत नाही. शिवाय गिरणीला एका रंगाचे किमान काही शे मीटर तरी काढावे लागतात. एका फियाटला लागतात जेमतेम दहा-बारा मीटर. काही क्लबांचे सभासद मिळून एक लॉट काढून घेतात आणि आपापसांत वाटून घेतात. एकट्यादुकट्या मालकासाठी हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणायला हवा.

दाण्याखालोखाल महत्त्व पाठीमागच्या कापडाला. जुन्या रेक्झिनची पाठ उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेल्या सुती कापडाची असे आणि ती फारशी ताणली जात नसे. आजच्या रेक्झिनची पाठ बहुतेक वेळा पॉलिएस्टरच्या निट कापडाची, म्हणजे बनियनसारखी ताणणारी असते. वक्र भागावर ती चांगली बसते, म्हणून नव्या गाड्यांना सोयीची. जुन्या सीटच्या सरळ पट्ट्यांवर मात्र ती सैल दिसते आणि शिवण लाटेसारखी वळते. विणलेल्या पाठीचा माल मिळाला तर दाण्यात थोडी तडजोड करावी, हे बहुतेक जुन्या कारागिरांचे मत योग्यच आहे. सीटचा आकार दुरूनच डोळ्यांत भरतो, दाणा जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

दुकानाच्या काउंटरवर

मुंबईत गाड्यांच्या सामानासाठी कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, या जागा ठरलेल्या. रेक्झिनचे दुकान म्हणजे उभे करून ठेवलेले रोल आणि काउंटरवर नमुन्यांची जाडजूड पुस्तके. रुंदी बहुधा ५४ इंच, म्हणजे सुमारे १३७ सेंटिमीटर. दुकानदाराला गाडीचे नाव सांगून काही हाती लागत नाही, तळहाताएवढा जुना तुकडा पुढे करावा लागतो. तो तुकडाही सीटच्या विटलेल्या भागाचा नको, शिवणीच्या आतला हवा.

नमुना जुळवायचा तर दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाही. तुकडा आणि रोलचे टोक दोन्ही दाराबाहेर उजेडात आणून एकमेकांवर ठेवायचे, आधी सरळ, मग तिरपे. दिव्याखाली एक दिसणारे दोन लाल उन्हात वेगळे निघतात. मग दाणा बोटाने चाचपायचा, कारण जुन्या मालाची चकाकी ओसरलेली असते आणि डोळा तिथे फसतो. मग रोल उलटून पाठ पाहायची आणि कोपरा उभा-आडवा ताणायचा. शेवटी कोपरा घट्ट दुमडून सोडायचा. दुमड पांढरी पडली तर माल एक तर जुना होऊन कडक झाला आहे किंवा हलका आहे.

पीव्हीसी आणि पीयू (पॉलियुरेथेन) यांतला फरक काउंटरवरच विचारून घ्यायला हवा. पीयूचे लेदरेट हाताला मऊ आणि दिसायला कातड्याच्या अधिक जवळचे असते, म्हणून नवा ग्राहक त्याकडे ओढला जातो. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत हलक्या प्रतीचे पीयू काही वर्षांत ओलाव्याने विघटित होते आणि पापुद्र्यांनी सोलून निघते. पीव्हीसीचा रोग वेगळा. त्याला मऊ ठेवणारे रसायन उन्हात हळूहळू बाहेर पडते, बंद गाडीच्या काचेवर त्याचा चिकट धूसर थर बसतो आणि रेक्झिन कडक होऊन शिवणीपाशी तडकते. पण त्याला बरीच वर्षे लागतात. १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या भारतीय गाडीसाठी पीव्हीसीच घ्यावे. मूळ माल तोच होता आणि इथल्या हवेत टिकतोही तोच.

एकदा रोल ठरला की लागणारे सगळे मीटर त्याच रोलमधून कापून घेतात. महिन्याभराने आणखी दोन मीटरसाठी परत आले तर पुढच्या लॉटचा रंग किंचित वेगळा येतो आणि तो फरक पुढच्या-मागच्या सीटवर शेजारी शेजारी ठळक दिसतो. दाराचे पॅड, सनव्हायझर, मागच्या काचेखालची फळी हे सगळे हिशेबात धरून वर मीटर-दीड मीटर जास्त घेणे सक्तीचेच समजावे.

काही दुकानांच्या माळ्यावर जुना न खपलेला माल, म्हणजे डेड स्टॉक असतो. कागदात गुंडाळलेला, तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा मूळ रोल हाती लागला की शोध संपला असे वाटते. पण असा रोल ज्या बाजूला पडून राहिला तिथे सपाट दाबलेला असतो, आतल्या गुंडाळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि मऊपणा देणारे रसायन उडून गेलेले असते. तो पूर्ण उलगडून, मीटरमीटरने दुमडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. बसायच्या जागी टिकण्याइतका लवचीक नसला, तरी तो दाराच्या पॅडवर चालतो. तिथे त्याला वाकावे लागत नाही.

भंगारातून मिळणारा माल

भंगारात निघालेली जोडीदार गाडी हा दुसरा झरा. मुंबईत प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. त्याआधीच्या काही वर्षांत शेकडो पद्मिनी तोडल्या गेल्या. पत्रा आणि इंजिन भंगारवाल्यांनी उचलले, सीट मात्र कचऱ्यातच गेल्या. त्यांत मूळ रेक्झिन क्वचितच उरले होते, कारण टॅक्सीच्या सीटवर मालक आपल्या आवडीचे कव्हर चढवीत. २०१५ पासून 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमात चित्रकारांनी काही टॅक्सींच्या सीट आणि छतासाठी खास कापड छापले. टॅक्सीच्या आतली जागा मालकाच्या हौसेची असते, या मुंबईकरांच्या जुन्या समजुतीला धरूनच ते होते. पण मूळ रूप शोधणाऱ्याला अशा टॅक्सीतून चौकट, स्प्रिंगा आणि दाराच्या पॅडच्या क्लिपा मिळतात, रेक्झिन मिळत नाही.

रेक्झिन मिळते ते घरगुती गाडीतून. दहा-बारा वर्षे वापरून वाड्याच्या अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात उभी राहिलेली, मागच्या सीटवर फारसे कुणी न बसलेली गाडी असली की तिच्या मागच्या पाठीचे रेक्झिन पुष्कळदा वापरण्याजोगे असते. ते काढून पुढच्या सीटच्या फाटक्या पट्ट्या बदलता येतात. १९५० च्या दशकातल्या फियाटसाठी, जिला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणत, काही मालक इटलीतून तयार कव्हर मागवतात, कारण तिथे फियाट ११०० चे सामान आजही बनते. चौकट सारखी असल्याने ते बरे बसते. पण इथल्या गाड्यांचा आतला माल बहुतांशी इथलाच होता. इटालियन कव्हर चढवलेली कुर्ल्याची गाडी सुबक दिसते खरी, तरी कुर्ल्याहून निघाली तेव्हा ती तशी नव्हती.

कातडे

कातड्याच्या सीटचे गणित वेगळे. लंडनच्या कॉनली ब्रदर्सनी १८७८ पासून हा धंदा केला. रोल्स-रॉइस, बेंटली, जॅग्वार यांच्या सीटचे कातडे त्यांच्याकडून जाई. २००२ मध्ये त्यांचा कातडी कमावण्याचा कारखाना बंद झाला तेव्हा जुन्या गाड्यांच्या जगात हळहळ झाली. पण दाणा उठवणारा विशिष्ट रूळ जाणे आणि एक कमावणारा जाणे यांत फरक आहे. स्कॉटलंडमधले आणि इतर कारखाने तसे कातडे देऊ शकले, कारण जनावराच्या कातडीचा दाणा निसर्गाचा असतो.

अडचण येते ती वरच्या थराची. जुने कातडे पातळ रंगलेपाचे असे. त्यातून दाणा दिसे, हात लावला की ऊब जाणवे आणि काही वर्षांनी त्यावर बारीक सुरकुत्या पडत. आजचे मोटारीचे कातडे बहुधा क्रोमने कमावलेले असते. त्याचा वरचा भाग घासून, त्यावर जाड पॉलियुरेथेनचा थर देऊन कृत्रिम दाणा उठवलेला असतो. ते डाग सहज झेलते, पण १९५० च्या गाडीत प्लॅस्टिकसारखे दिसते. मागवताना पातळ लेपाचे, दाणा न घासलेले कातडे असे स्पष्ट सांगावे लागते.

भारतात कातडे कानपूर, कोलकाता आणि तमिळनाडूच्या राणीपेट-आंबूर पट्ट्यातून येते. मुंबईत ते धारावीच्या बाजारात चौरस फुटाच्या भावाने विकले जाते. इथे मोठ्या प्रमाणावर मिळते ते म्हशीचे. त्याचा दाणा गाईबैलाच्या कातड्यापेक्षा ठसठशीत असतो. बॅगेला तो शोभतो, पण ब्रिटिश गाडीच्या सीटवर लगेच वेगळा ओळखू येतो. शिवाय प्रत्येक कातडे काट्याचे ओरखडे, गोचिडीचे ठिपके, डाग दिल्याची खूण अशा जागा सोडून बेतावे लागते. कापडाचा रोल कडेपासून कडेपर्यंत वापरता येतो, कातड्याचा चांगला भाग पाठीचा तेवढाच. पोटाकडचा भाग सैल असतो आणि बसायच्या जागी तो लावला तर वर्षभरात पिशवीसारखा लोंबतो. अनुभवी कारागीर पोटाचा भाग पायपिंग आणि कडेच्या पट्ट्यांना वापरतो.

कोल्हापूरच्या दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी येते तेव्हा हजारो लोक ती पाहतात. अशी वापरात असलेली गाडी जपणाऱ्यांपुढे नवे कातडे मिळवण्यापेक्षा असलेले कातडे टिकवण्याचा प्रश्न मोठा असतो. तडकलेल्या कातड्याला मागून पातळ कापड चिकटवून आधार देता येतो, शिवण सुटली असेल तर जुन्याच भोकांतून हाताने नवा दोरा ओवता येतो, रंग उडालेल्या जागी लेप देता येतो. पावसाळ्यात बुरशी चढते. ती कोरड्या मऊ फडक्याने, उघड्या हवेत पुसायची. ओले फडके लावले की बुरशी आत जाते.

विणलेले कापड

युरोप-अमेरिकेतल्या कित्येक गाड्यांत कातडेही नव्हते आणि रेक्झिनही नव्हते. लोकरीचे ब्रॉडक्लॉथ, मोहेर, उभ्या कण्यांचे बेडफर्ड कॉर्ड अशी कापडे सीटवर असत. अमेरिकेत फोर्डच्या मॉडेल ए आणि व्ही-८ गाड्यांचे संपूर्ण अंतर्भाग तयार करून देणारी मॅसॅच्युसेट्सची लबॅरन बॉनी कंपनी २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हा कित्येक मालकांची कामे अर्ध्यावर राहिली.

फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयच्या १९७६ च्या सीटवरचे चौकडीचे कापड गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनरने योजले होते. ते ओळखू येण्याइतके प्रसिद्ध झाले आणि पुढच्या गाड्यांतही कंपनीने ते पुन्हा आणले. पोर्शेनेही आपली पेपिटा आणि पाशा ही जुनी कापडे पुन्हा विणून विकायला काढली. कंपनी जिवंत असेल आणि गाडीला मागणी असेल तर कापड परत येऊ शकते. चौकडीच्या किंवा पट्ट्यांच्या कापडाला रूळ लागत नाही. ताण्याबाण्याच्या धाग्यांची संख्या आणि रंगांचा क्रम उसवलेल्या तुकड्यावर भिंग ठेवून मोजता येतो, आणि तो मोजला की दुसऱ्या मागावर तेच कापड उतरते. रेक्झिनच्या तुलनेत हे मोठेच सुख आहे. अर्थात मागावर ताणा चढवायचा खर्च पाच मीटरला आणि पन्नास मीटरला सारखाच येतो, त्यामुळे इथेही चार मालक एकत्र आलेले बरे.

गादीच्या आत

वरचा माल कितीही चांगला असला तरी आतली गादी चुकली की सीट चुकते. आधुनिक फोमवर जुन्या मापाचे कव्हर चढवले तर सीट फुगलेली, गोल कडांची दिसते. काथ्या आणि कापूस यांनी भरलेल्या सीटची कड सरळ, बसका तळ थोडा कठीण, हेच तिचे रूप असते. बाजारात फोम डेन्सिटीच्या आकड्याने मिळतो. ३२ चा फोम सीटला हलका पडतो, ४० किंवा त्याहून जड घेतात. पण कड टिकवायची तर फोमच्या आधी काथ्याचा थर हवाच.

काथ्या ही इथली सहज मिळणारी वस्तू आहे. केरळातून येणाऱ्या काथ्याला रबराचे दूध फवारून केलेले पत्रे गाद्यांसाठी बनतात, तेच सीटलाही चालतात. फोक्सवॅगन बीटलसारख्या जर्मन गाड्यांतही असाच रबर लावलेला काथ्या असे आणि तिथल्या दुरुस्ती करणाऱ्यांना तो मोल देऊन मागवावा लागतो. डनलॉपने १९२९ च्या सुमारास आणलेला लेटेक्सचा फोम ज्या गाड्यांत आहे, तिथे मात्र जुना माल ठेवण्यात अर्थ नाही. त्याची पूड होते आणि ती शिवणीतून बाहेर पडत राहते. गोणपाट नवाच घ्यावा. तो दाट विणीचा असला पाहिजे, नाहीतर स्प्रिंगा त्यातून वर येऊन गादी कुरतडतात.

किती बदलायचे

जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिव्हाने, २०१२ मध्ये मान्य केलेल्या ट्युरिन सनदेत जतनाला पहिले स्थान आहे. जे टिकवता येते ते टिकवावे, बदलणे भाग पडले तर मूळ पद्धतीच्या मालाने बदलावे आणि बदललेला भाग ओळखू येईल अशी खूण ठेवावी, अशी तिची दिशा आहे. भारतात २०२१ च्या मोटार वाहन नियमांनी पन्नास वर्षांवरील मूळ रूपातल्या वाहनांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. नंबरात 'व्हीए' अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे. चॅसिस, बॉडी शेल, इंजिन यांत बदल नसावा असे नियम सांगतो. सीटच्या कापडाचा तिथे उल्लेख नाही. त्यामुळे आतल्या बैठकीचा प्रामाणिकपणा पूर्णपणे मालकाच्या आणि कारागिराच्या हाती राहतो, आणि रॅलीतल्या परीक्षकाच्या नजरेत.

फाटलेली एक पट्टी बदलून उरलेली जुनी सीट ठेवायची की सगळे नवे करायचे, हा निर्णय माल शोधायला निघण्याआधी घ्यायला हवा. एका पट्टीसाठी अर्धा मीटर, तोही विटलेल्या रंगाशी जुळणारा लागतो. संपूर्ण सीटसाठी बारा मीटर, तेही मूळ रंगाचे. दोन्ही शोध वेगळ्या दिशांनी जातात. पुष्कळ मालक आधी नवा गडद रोल घेतात आणि मग जुन्या पाठीशी तो विसंगत दिसतो म्हणून सगळेच बदलतात. चांगल्या स्थितीतली मूळ पाठ अशी हकनाक जाते, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

बेतणे आणि चढवणे

माल हाती आला की तो आधी सैल पसरून ठेवतात, गुंडाळीचा पीळ जाईपर्यंत. फर्मे दाण्याच्या एकाच दिशेने मांडतात. दाणा उलटा लागला तर शेजारच्या पट्ट्या उजेडात वेगळ्या रंगाच्या दिसतात. १९६० च्या दशकानंतरच्या कित्येक गाड्यांत पट्ट्या शिवलेल्या नसून उच्च वारंवारतेच्या विजेने, बहुतेक यंत्रांत २७.१२ मेगाहर्ट्झने, डायखाली दाबून चिकटवलेल्या असतात. त्या जागी टाके घातले की भोके दिसतात आणि गाडी पाहणारा लगेच ओळखतो. असे वेल्डिंग फाइलची कव्हरे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या करणाऱ्या छोट्या कारखान्यांतही होते. डाय मात्र मापाची करून घ्यावी लागते.

दोरा सुती नको, तो कुजतो. पॉलिएस्टरचा घ्यावा, पण फार जाड घेतला तर सुईची भोके मोठी पडतात आणि रेक्झिन त्या रेषेवर पुढे फाटते. टाकेही फार जवळ नकोत. शिवून झालेले कव्हर उन्हात तासभर ठेवून गरम असतानाच चौकटीवर ओढतात, मधून सुरुवात करून दोन्ही कोपऱ्यांकडे. हे काम कोरड्या दिवसांत करावे. पावसाळ्यात भरलेला कापूस ओलावा धरून ठेवतो आणि चौकट आतून गंजते.

उरलेला मीटर-दीड मीटर दुमडून ठेवू नये, गुंडाळून ठेवावा. त्याच्या आत एका चिठ्ठीवर गिरणीचे नाव, लॉट नंबर, खरेदीचे वर्ष, दोऱ्याचा नंबर आणि फोमची डेन्सिटी लिहून ठेवतात, आणि जुने उसवलेले मूळ तुकडे त्याच गुंडाळीत जातात. पुढच्या वेळी सीट उघडणाऱ्याला रंग शोधण्यासाठी शिवण उसवत बसावे लागत नाही.